पोचा

केस कापता कापता भरतने कैची थांबवली,
मागून आरसा धरला आणि म्हणाला,
‘काका, अहीं खाडो छे. क्यारनो?’
क्यारनो. कधीचा.
एकसष्ट वर्षं बडोद्यात गेली माझी,
पण तो एवढासा शब्द मराठीत येईपर्यंत
मानेवरच्या टॉवेलाखाली घाम फुटला.

उजवीकडे, भोवऱ्याच्या जरा वर.
अंगठा ठेवला की अंगठा बसतो.

आता माझा धंदाच हा.
प्रतापनगरच्या पुलाजवळ अडतीस वर्षं डेंटिंग,
पेंटिंग इम्तियाज बघतो.
काय लागलं ते मी पत्रा बघून सांगतो:
खांबाला उभी घडी पडते,
गाईला पत्रा मऊ आत जातो, रंग सुटत नाही,
आणि ‘उभ्या गाडीला कुणीतरी ठोकलं’ म्हणणारा
स्वतःच भिंतीवर गेलेला असतो.
याला ओरखडा नाही. कडा बोथट.
गिऱ्हाइकाला सांगितलं असतं, जुनं काम आहे, राहू द्या.

नलू म्हणाली, तीस वर्षं तेल लावतेय, नव्हता.
तीस वर्षांत तेल किती वेळा लावलंस,
हे मी विचारलं नाही.
हेमंतने मोबाइलवर वाचून दाखवलं:
हाड विरतं, जुना मार असतो, जन्मखूण असते, गाठ
असं म्हणून थांबला, आणि विचारलं,
बाबा, जेवलात का?

डॉक्टर कडकियांनी बोटाने चाचपलं.
‘विश्वामित्रीचं पाणी उतरलं की मगर दिसते,
ती काय त्या दिवशी जन्मत नाही.
केस गेले, खड्डा दिसला.
किंवा वयाने हाड पातळ होतं, पण ते बहुधा दोन्हीकडे.
बाकीचं सीटीत बघू.’
बाकीचं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही,
मीही चप्पल शोधायला लागलो.
दारात म्हणाले, ‘लहानपणी पडला होतात?’

हे सांगणारी आई आता नाही.
नवसारीला ताईला फोन लावला.
आधी तिने टीव्ही बंद केला, तो आवाज आला.
मग बराच वेळ काहीच नाही.
‘मी पाडलं तुला.
दांडिया बाजारच्या नळावर. चार महिन्यांचा होतास,
माझ्या दुसऱ्या हातात कळशी होती.
आईला सांगितलं, भुकेने रडतोय.’
सहा वर्षांची होती ती तेव्हा.
‘तू मॅट्रिकला गणितात गेलास ना,
मी दोन दिवस जेवले नव्हते.’

कळशी वाचली का, असं मी विचारलं.
ती हसली नाही.

डॉक्टर म्हणाले, छे, तेव्हाचं हाड कोवळं,
दबलं तरी बहुतेकदा आपसूक वर येतं.
ते मला समजतं.
प्लॅस्टिकच्या बंपरवर गरम पाणी ओता,
टक् करून जागेवर.
ताईला कळवलं.
‘हो का,’ म्हणाली,
जसं आपण दुकानदाराला म्हणतो, घ्यायचं नसलं की.

सीटी मंगळवारी.
आज दिवसभर एका वॅगन-आरचा दरवाजा करत होतो.
डोळे फसतात. म्हणून शेवटी
पत्र्यावर मलमलचा तुकडा टाकायचा,
डोळे मिटायचे आणि तळवा फिरवायचा;
केसाएवढा खोलगा असला तरी हाताला लागतो.

तो तुकडा खिशातून घरी आला.
नलूला दिला, स्टुलावर बसलो.
तिने तो आधी झटकला, वास घेतला, धुवायला हवा म्हणाली,
मग डोक्यावर पसरला.
तळवा कपाळापासून निघाला, मागे गेला,
थांबला, थोडा परत आला.
‘पंखा बंद कर,’ ती म्हणाली,
‘मला नीट कळत नाहीये.’